आधी जकात, मग कर्ज : अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसने युद्धकर्जाचा प्रश्न कसा सोडवला (१७८९–१७९१)

१ एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाची गणपूर्ती कशीबशी झाली. ५९ पैकी ३० सभासद जमले होते. राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीला अजून महिना होता. सरकारचे एकही खाते उभे राहिले नव्हते, न्यायालये नव्हती, आणि आठ वर्षांच्या स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज मात्र डोक्यावर बसलेले होते. ८ एप्रिलला व्हर्जिनियाचा सभासद जेम्स मॅडिसन उठला आणि त्याने आयात मालावरील जकातीचा विषय मांडला. नव्या सभागृहापुढे आलेला कामकाजाचा पहिला मोठा विषय तो हाच.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण पहिला कोषमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या जानेवारी १७९० च्या अहवालापासून सुरुवात करतात. माझ्या मते तिथून सुरुवात केली की निम्मी गोष्ट निसटते. कर्ज किती मानायचे, कोणाला द्यायचे, केंद्राने घ्यायचे की राज्यांवर ठेवायचे यावर सभागृह पुढे बराच काळ भांडले. ते भांडण कामाचे ठरले, कारण भांडायला बसण्याआधी त्याच सभागृहाने पैसा कुठून येणार याची सोय करून ठेवली होती. ही पायरी आधीच्या राजवटीला कधीच चढता आली नव्हती.

आडातच नव्हते

राज्यघटनेच्या आधी, १७८१ मध्ये मान्य झालेल्या राज्यांमधल्या जुन्या करारात काँग्रेसला युद्ध करण्याचा अधिकार होता, कर्ज काढण्याचाही होता, कर बसवण्याचा मात्र नव्हता. खर्चाचा वाटा राज्यांना कळवायचा आणि त्यांनी पाठवला तर घ्यायचा, अशी सारी व्यवस्था होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? युद्धकाळात काँग्रेसने सुमारे २४ कोटी डॉलरच्या कागदी नोटा छापल्या. त्यांची किंमत इतकी घसरली की मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच ४० कागदी डॉलर बरोबर १ चांदीचा डॉलर असा दर ठरवून टाकला. त्यानंतर रसद, घोडे, धान्य उचलताना अधिकारी शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे देऊ लागले. युद्ध संपल्यावर सैनिकांच्या थकलेल्या पगाराचा हिशेबही प्रमाणपत्रांवरच मिटवला गेला.

हातात ५ टक्के आयात जकात तरी असावी म्हणून काँग्रेसने दोनदा प्रयत्न केला. त्यासाठी सर्व तेरा राज्यांची संमती लागत होती. १७८१ चा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने पाडला. १७८३ चा न्यूयॉर्कमुळे १७८६ मध्ये बारगळला, कारण न्यूयॉर्कला आपल्या बंदराचे उत्पन्न सोडायचे नव्हते. दरम्यान फ्रान्सला द्यायचे व्याज थांबले होते, आणि डच सावकारांचे जुने व्याज नवे कर्ज काढून भागवले जात होते.

राज्यांनी आपापले मार्ग शोधले. मॅसॅच्युसेट्सने कर्ज इमानदारीने फेडायचे ठरवून भारी कर लावले. तिथल्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांकडे रोकड नव्हती, जमिनी जप्तीला निघू लागल्या, आणि १७८६–८७ मध्ये डॅनियल शेज या युद्धातल्याच एका कॅप्टनच्या नावाने ओळखले जाणारे बंड झाले. केंद्राने राज्यांची कर्जे उचलावीत का, हा वाद पुढे पेटला तेव्हा ही आठवण तीन-चार वर्षांपूर्वीची होती. वादाचे वाचन करताना हे विसरून चालत नाही.

नव्या राज्यघटनेने दोन गोष्टी केल्या. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमाने काँग्रेसला कर बसवण्याचा व कर्ज फेडण्याचा अधिकार दिला, आणि सहाव्या अनुच्छेदाने जुन्या राजवटीची कर्जे नव्या राजवटीवरही तितकीच बंधनकारक राहतील असे जाहीर केले. ती फेडायची कशी, कोणत्या दराने, कोणत्या क्रमाने, याबद्दल घटना गप्प होती. ते सभागृहाने ठरवायचे होते.

मोलॅसिसवरचे भांडण

मॅडिसनला घाई होती. वसंत ऋतूत युरोपातून मालाची जहाजे येत, त्यांच्यावरची जकात हातची जाऊ नये म्हणून त्याने तात्पुरता, साधा कायदा सुचवला होता. पण सभासदांनी एकेक वस्तू घेऊन वाद घातला. पेनसिल्व्हेनियाच्या लोकांना पोलाद आणि कागदाला संरक्षण हवे होते. मॅसॅच्युसेट्सला मोलॅसिसची, म्हणजे उसाच्या मळीची, काळजी होती.

मळीचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. न्यू इंग्लंडचे मच्छीमार हलक्या प्रतीची खारी मासळी वेस्ट इंडीजच्या बेटांना विकत आणि बदल्यात मळी आणत. मळीपासून रम गाळली जाई, आणि गरिबाघरी साखरेच्या जागीही तीच वापरली जाई. म्हणजे मळीवर जकात वाढली की होडीवाला, भट्टीवाला आणि गरीब कुटुंब असे तिघेही दुखावणार. मॅसॅच्युसेट्सचा सभासद फिशर एम्स आणि त्याचे सहकारी यावर कित्येक दिवस झगडले. शेवटी मळीवर गॅलनला अडीच सेंट, तर श्रीमंतांच्या, मदेरा बेटावरून येणाऱ्या वाइनवर १८ सेंट, आणि यादीत नसलेल्या बहुतेक मालावर सरसकट ५ टक्के असे दर ठरले. ४ जुलै १७८९ ला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने कायद्यावर सही केली. प्रस्तावनेत हेतू स्पष्ट लिहिलेले आहेत : सरकारचा खर्च चालवणे, देशाची कर्जे फेडणे, आणि उद्योगांना उत्तेजन व संरक्षण देणे.

कायदा १ ऑगस्टपासून लागू झाला, त्यामुळे वसंतातली जहाजे सुटलीच. तरीही मला हे महिने वाया गेले असे वाटत नाही. कर सर्वांच्या डोळ्यांदेखत, राज्याराज्यांच्या हितसंबंधांची ओढाताण होऊन ठरला. ज्या न्यूयॉर्कने १७८६ मध्ये केंद्राला जकात द्यायला नकार दिला होता, त्यानेही या जकातीविरुद्ध बंड केले नाही. पाठोपाठ जहाजांच्या टनभारावर कर आला, वसुलीची यंत्रणा उभी करणारा कायदा आला, आणि बंदराबंदरांत जकात अधिकारी बसले.

कोषखाते स्थापन करणारा २ सप्टेंबर १७८९ चा कायदाही सभागृहाच्या सावधपणाचा नमुना आहे. मॅसॅच्युसेट्सचा सभासद एल्ब्रिज गेरी याला एका मंत्र्याच्या हाती तिजोरी देणे धोक्याचे वाटत होते, त्याला मंडळ हवे होते. मंडळाची कारभारातली ढिलाई मागच्या काही वर्षांत सर्वांनी पाहिली होती, म्हणून एकच मंत्री ठरला. मात्र त्याच्याभोवती नियंत्रक, लेखापरीक्षक, खजिनदार, नोंदणी अधिकारी अशी साखळी ठेवली, म्हणजे पैसा एकाच्या सहीवर हलू नये. मंत्र्याने योजना सभागृहाला ‘सादर’ कराव्यात या शब्दावरसुद्धा आक्षेप आला. महसुलाचा पुढाकार लोकप्रतिनिधींकडून मंत्र्याकडे जाईल ही भीती होती, म्हणून योजना ‘तयार’ कराव्यात अशी दुरुस्ती झाली. या खात्यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याने सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री करू नये असे कलमही त्यात घातले. ते कलम लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

सप्टेंबरमध्ये हॅमिल्टन कोषमंत्री झाला. जुलैमध्ये नेमलेली सभागृहाची स्वतःची अर्थसमिती त्यानंतर आठवड्याभरात बरखास्त झाली. २१ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने ठराव करून त्याच्याकडून सार्वजनिक पत सावरण्याची योजना मागवली.

आकडे

१४ जानेवारी १७९० ला अहवाल सभागृहात वाचला गेला. हॅमिल्टनला स्वतः येऊन मांडणी करायची होती, सभागृहाने लेखीच द्या म्हणून सांगितले.

त्याच्या हिशेबाने परदेशी कर्ज थकलेल्या व्याजासह १ कोटी १७ लाख डॉलरच्या आसपास होते, मुख्यतः फ्रान्स आणि हॉलंडचे. देशांतर्गत कर्जाचे मुद्दल सुमारे २ कोटी ७४ लाख, त्यावरचे थकलेले व्याज १ कोटी ३० लाख, आणि ज्याचा हिशेबच अजून पक्का नव्हता असे अंदाजे २० लाख. असे मिळून केंद्राचे कर्ज ५ कोटी ४१ लाखांवर गेले. राज्यांची कर्जे त्याने अंदाजे अडीच कोटी धरली. थकलेले व्याज मुद्दलाच्या जवळजवळ निम्मे झाले होते. मागच्या राजवटीची सगळी कहाणी या एका प्रमाणात आहे.

परदेशी कर्जाबद्दल कोणी ब्र काढला नाही. ते ठरल्या अटींवर पूर्ण फेडायचे यावर एकमत होते. भांडण झाले ते घरातल्या देण्यावरून.

प्रमाणपत्र कोणाचे

समजा, १७८३ मध्ये एका सैनिकाला पगारापोटी १०० डॉलरचे प्रमाणपत्र मिळाले. घरी जायला, बियाणे घ्यायला, कर भरायला त्याला रोकड हवी होती आणि सरकार व्याज देत नव्हते. त्याने तो कागद १५–२० डॉलरला दलालाला विकला. आता १७९० मध्ये सरकार दर्शनी किंमत मान्य करणार म्हणते. ते १०० डॉलर कोणाचे?

हॅमिल्टनचे उत्तर होते : ज्याच्या हातात कागद आहे त्याचे. विकणाऱ्याने हक्क विकला, घेणाऱ्याने जोखीम घेतली. सरकार पुढे कधीही असा व्यवहार मागे जाऊन मोडू शकते असे दिसले, तर उद्या कोणी सरकारी रोखा हातातच धरणार नाही.

११ फेब्रुवारीला मॅडिसनने दुसरे उत्तर दिले. आजच्या धारकाला बाजारात आजवर मिळालेला सर्वांत चढा भाव द्यावा, आणि उरलेली रक्कम मूळ धारकाला. सरकारने सैनिकाला पूर्ण मोबदला कधी दिलाच नाही, कागद दिला. विक्रीही राजीखुशीची नव्हती, गरजेची होती.

वातावरण तापायला आणखी कारण होते. अहवालाची कुणकुण लागताच न्यूयॉर्कचे सटोडिये दक्षिणेतल्या आणि आतल्या भागांत माणसे पाठवून, तिथे बातमी पोचण्याआधी, पडेल भावाने प्रमाणपत्रे गोळा करू लागले. जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने भर सभागृहात सांगितले की, याच कामासाठी या बंदरातून पंधरवड्यात तीन जहाजे निघाली आहेत. पेनसिल्व्हेनियाचा सिनेटर (काँग्रेसच्या वरच्या सभागृहाचा सभासद) विल्यम मॅक्ले याने आपल्या रोजनिशीत कनेक्टिकटचा सभासद जेरेमाया वॉड्सवर्थ याने दक्षिणेकडे दोन लहान जहाजे पाठवल्याचे लिहून ठेवले आहे. मतदान करणाऱ्यांपैकी अनेकांच्या स्वतःच्या पेटीत हे कागद होते, गेरीसारख्या बड्या धारकासह.

मॅडिसनचे विरोधक मात्र नुसते स्वार्थी नव्हते. न्यू जर्सीच्या ईलायस बूडिनोने दाखवून दिले की, कित्येक प्रमाणपत्रे कारकुनांच्या नावावर दिली गेली होती, तिथे मूळ हक्कदार शोधणार कसा? शिवाय १७८३ मध्ये काँग्रेसने राज्यांना पाठवलेल्या निवेदनात, धनकोंमध्ये असा भेद करू नये असेच म्हटले होते, आणि ते निवेदन लिहिले होते मॅडिसननेच. हा घाव वर्मी लागला.

२२ फेब्रुवारीला मॅडिसनचा प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळला गेला.

माझे स्पष्ट मत असे की निकाल सरकारी पत राखण्याच्या दृष्टीने बरोबर होता, पण सभागृहाने एक दार न उघडताच बंद केले. रसदीच्या आणि कर्जकचेऱ्यांनी (सरकारला कर्ज देणाऱ्यांना) दिलेल्या प्रमाणपत्रांचे मूळ धारक शोधणे खरोखर अवघड होते. सैनिकांची तशी नव्हती. पगारखात्याचा प्रमुख जॉन पिअर्स याने दिलेल्या प्रमाणपत्रांची क्रमांकवार, नावानिशी नोंद सरकारच्या दप्तरात होती. धारकाला पूर्ण रक्कम देऊनही फक्त या वहीतल्या सैनिकांसाठी वेगळी, लहानशी तरतूद करता आली असती. तसे करण्यासाठी धारकांशी झालेला करार मोडावा लागत नव्हता. असा मधला प्रस्ताव मतदानाला आलाच नाही. मॅडिसनने धारकाच्या हिश्श्यातून सैनिकाला द्यायचे म्हटले आणि विरोधकांनी सगळाच विषय करारभंगाच्या नावाखाली निकालात काढला.

राज्यांचे कर्ज केंद्राच्या अंगावर

त्याहून मोठी झुंज राज्यांच्या कर्जावर झाली. हॅमिल्टनचा आग्रह होता की केंद्राने ती सगळी उचलावीत. ही कर्जे एकाच युद्धासाठी काढलेली आहेत. जकातीसारखा भरवशाचा कर आता केंद्राकडे गेला असताना राज्यांनी ती फेडायची तर शेजच्या बंडासारखी वेळ पुन्हा येणार. आणि धनको राज्याराज्यांत वाटलेले राहिले तर प्रत्येक राज्याचे धनको आपल्या राज्याची तिजोरी भरावी म्हणून केंद्राच्या करांना विरोध करतील. सगळ्या सावकारांचे हित एकाच तिजोरीला बांधले की ते त्या सरकारच्या टिकण्याची चिंता आपणहून करतील. या शेवटच्या मुद्द्यातच विरोधकांना भय दिसले.

मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलिना कर्जाखाली वाकलेली होती, त्यांना ही योजना हवीच होती. व्हर्जिनियाने आपल्या कर्जाचा मोठा भाग जमिनी विकून आणि कर लावून फेडला होता. आम्ही पोटाला चिमटा घेऊन फेडले, आता ज्यांनी फेडले नाही त्यांचेही आम्हीच फेडायचे का, हा व्हर्जिनियाचा सवाल होता. तो सवाल अजिबात उथळ नव्हता. मॅडिसनने त्याचाच आधार घेतला.

केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या नात्याचा हा पेच मराठी वाचकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे ओळखीचा असायला हरकत नाही. हॅमिल्टन न्यूयॉर्कच्या ज्या किंग्ज कॉलेजात शिकला, तेच पुढे कोलंबिया झाले, आणि १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकलेल्या आंबेडकरांनी डॉक्टरेटसाठी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा विषय घेतला. देणे कोणाचे आणि उत्पन्न कोणाचे हे जुळले नाही की काय होते, हा दोन्हीकडचा गाभ्याचा प्रश्न आहे.

१२ एप्रिलला मतदान झाले. ३१ विरुद्ध २९ मतांनी योजना पडली. मॅक्ले तेव्हा प्रेक्षकांत बसून पाहत होता. त्याने लिहिले आहे की मॅसॅच्युसेट्सचा थिओडोर सेजविक भाषण करून टोपी उचलून बाहेर निघून गेला, आणि परत आला तेव्हा तो रडून आल्याचे चेहऱ्यावर दिसत होते. मॅक्ले या योजनेचा कट्टर विरोधक होता आणि त्याची लेखणी तिखट होती, हे गृहीत धरले तरी एका वित्तीय ठरावावर सभासदाच्या डोळ्यांत पाणी यावे इतके काही पणाला लागले होते हे त्यातून कळते. न्यू इंग्लंडचे लोक तेव्हा उघडपणे म्हणू लागले की राज्यांची कर्जे घेतली जाणार नसतील तर कर्जफेडीच्या बाकीच्या योजनेलाही आमचे मत मिळणार नाही. २ जूनला प्रतिनिधीगृहाने राज्यांच्या कर्जाविना विधेयक मंजूर करून सिनेटकडे धाडले. गाडे अडले ते अडलेच.

त्याच वेळी राजधानी कुठे असावी यावर दुसरे भांडण चालू होते. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनने पुढे लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार, हॅमिल्टन त्याला राष्ट्राध्यक्षांच्या घराबाहेर भेटला, काळजीने खचलेला. जेफरसनने त्याला आणि मॅडिसनला आपल्या घरी जेवायला बोलावले. तिथे ठरले ते असे : मॅडिसन स्वतः योजनेच्या बाजूने मत देणार नाही, पण विरोधाची धार कमी करील. व्हर्जिनियाचे दोन सभासद मत बदलतील. मोबदल्यात राजधानी दहा वर्षे फिलाडेल्फियात राहून पुढे पोटोमॅक नदीकाठी जाईल.

या जेवणाची गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. मतांचे गणित त्याहून रुक्ष होते. १६ जुलैला राजधानीच्या कायद्यावर सही झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस सिनेटने १४ विरुद्ध १२ आणि प्रतिनिधीगृहाने ३४ विरुद्ध २८ मतांनी राज्यांची कर्जे उचलण्याला मान्यता दिली. व्हर्जिनियाचे रिचर्ड ब्लँड ली आणि अलेक्झांडर व्हाइट यांनी मत बदलले. मेरीलँडच्या डॅनियल कॅरोल आणि जॉर्ज गेल यांनीही बदलले. या सर्वांचे मतदारसंघ पोटोमॅकच्या बाजूचे किंवा त्या नदीकाठच्या राज्यांतले होते.

आणखी एका गोष्टीने मन वळवले, आणि तिला मी जेवणाइतकेच वजन देतो. हॅमिल्टनचा अडीच कोटींचा मोघम आकडा सोडून सभागृहाने २ कोटी १५ लाखांची कमाल मर्यादा घातली, आणि प्रत्येक राज्याचा हिस्सा कायद्यातच लिहून टाकला. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलिना प्रत्येकी ४० लाख, व्हर्जिनिया ३५ लाख, नॉर्थ कॅरोलिना २४ लाख, पेनसिल्व्हेनिया २२ लाख, असे खाली उतरत ऱ्होड आयलंड आणि डेलावेअर प्रत्येकी २ लाख. फेडून मोकळ्या झालेल्या व्हर्जिनियाच्या पदरातही भरीव रक्कम पडली. शिवाय युद्धात कोणी किती खर्च केला याचा अंतिम हिशेब आयुक्तांकडून करून घ्यायचे वेगळ्या कायद्याने ठरले. म्हणजे आज केलेली वाटणी उद्या दुरुस्त होईल अशी आशा जिवंत राहिली.

कायद्याची बांधणी

४ ऑगस्ट १७९० चा कायदा वाचताना जाणवते की सभागृहाने मंत्र्याचा अहवाल जसाच्या तसा उचललेला नाही. हॅमिल्टनने धनकोंपुढे अनेक पर्याय ठेवले होते, त्यांत पश्चिमेकडची जमीन एकरी २० सेंटने घेण्याचाही होता. काँग्रेसने ते काढून टाकले आणि एकच साधी रीत ठेवली. जुना कागद आणा आणि नवे रोखे घ्या. मुद्दलाच्या दोन-तृतीयांशावर ६ टक्के व्याज लगेच सुरू. उरलेल्या एक-तृतीयांशावर ६ टक्के, पण १८०१ पासून. थकलेल्या व्याजाच्या रकमेवर फक्त ३ टक्के. राज्यांच्या कर्जावर दर आणखी कमी पडत होते, कारण तिथे एक-तृतीयांश रक्कम ३ टक्क्यांच्या रोख्यांत होती.

वरच्या सैनिकाचा १०० डॉलरचा कागद पुन्हा घ्या. सात वर्षांचे ६ टक्क्यांप्रमाणे ४२ डॉलर व्याज थकले आहे असे धरा. नव्या धारकाला मुद्दलावर वर्षाला ४ डॉलर आणि थकबाकीच्या रोख्यावर १ डॉलर २६ सेंट, म्हणजे सव्वापाच डॉलर मिळू लागणार. ज्याने तो २० डॉलरला घेतला, त्याला लावलेल्या पैशावर वर्षाला २६ टक्के सुटले, आणि १८०१ नंतर आणखी २ डॉलर. सरकारच्या बाजूने पाहिले तर मात्र जुन्या वचनातले ६ टक्के सरासरी साडेचारच्याही खाली आले होते. धनकोंनी हे मान्य केले, कारण या वेळी व्याज खरोखर हातात पडणार होते.

ते पडावे म्हणून कायद्याने क्रम घालून दिला. जकातीच्या उत्पन्नातून आधी वर्षाला ६ लाख डॉलर सरकारच्या चालू खर्चाला, मग परदेशी कर्ज, मग देशी. परदेशी देणी मिटवण्यासाठी १ कोटी २० लाखांपर्यंत नवे कर्ज काढायची परवानगी दिली. १० ऑगस्टला जकातीचे दर वाढवले. १२ ऑगस्टला वर्षअखेरपर्यंतची शिल्लक रोखे परत विकत घेण्यासाठी वापरायचे ठरवले आणि त्या निधीवर सिनेटचा अध्यक्ष, सरन्यायाधीश, परराष्ट्रमंत्री, कोषमंत्री व महान्यायवादी यांना नेमले. खर्चाच्या प्रत्येक आश्वासनाला उत्पन्नाची एक ठरलेली बाब जोडलेली होती. अर्थकारणातली ही शिस्त मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. एकदा ती बसल्यावर धनकोंना कोणा एका माणसाच्या सज्जनपणावर विसंबावे लागले नाही.

किंमत कोणी मोजली

राज्यांच्या कर्जाचे व्याज १७९२ पासून सुरू होणार होते. त्यासाठी जकात पुरणार नव्हती, म्हणून देशात गाळलेल्या दारूवर अबकारी आली. जून १७९० मध्ये प्रतिनिधीगृहाने ती फेटाळली होती. पण राज्यांची कर्जे अंगावर घेतल्यावर पर्याय उरला नाही आणि ३ मार्च १७९१ ला कायदा झाला. ॲलेगेनी पर्वताच्या पलीकडच्या शेतकऱ्याला धान्य पिंपात भरून डोंगर ओलांडणे परवडत नसे, म्हणून तो त्याची व्हिस्की करून नेई. रोकडीच्या जागीही तिथे व्हिस्कीच चाले. त्याच्या दृष्टीने हा कर म्हणजे पूर्वेकडच्या रोखेधारकाला व्याज देण्यासाठी पश्चिमेकडच्या शेतकऱ्यावर बसवलेला बोजा होता. १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात उठाव झाला आणि वॉशिंग्टनला सुमारे १३,००० शिबंदी घेऊन निघावे लागले. मळीच्या जकातीवर सभागृहाने जितकी खोल चर्चा केली, तितकी त्या डोंगरापलीकडच्या माणसाबद्दल केली असती तर दर आणि वसुलीची रीत वेगळी ठरली असती, असे मला वाटते. बंदरांचे प्रतिनिधी सभागृहात जोरात होते, डोंगरापलीकडचे नव्हते.

व्हर्जिनियाच्या विधानसभेने डिसेंबर १७९० मध्ये कर्जे उचलण्याविरुद्ध निषेध नोंदवला. घटनेत असा अधिकार कुठे दिला आहे, हा त्यातला प्रश्न होता. फेब्रुवारी १७९१ मध्ये एक कोटी डॉलर भांडवलाच्या राष्ट्रीय बँकेचा कायदा झाला तेव्हा मॅडिसनने तोच प्रश्न सभागृहात पुन्हा उभा केला. जेफरसनने १७९२ मध्ये वॉशिंग्टनला सांगितले की हॅमिल्टनने आपल्याला फसवले, आणि राजकीय आयुष्यातल्या चुकांपैकी या चुकीचा आपल्याला सर्वाधिक पस्तावा होतो. देशातले पहिले दोन पक्ष या भांडणांतून आकाराला आले.

सटोडियांचे काय झाले? रोख्यांच्या खरेदी-विक्रीला बंदी घालणारे जे कलम सभागृहाने कोषखात्याच्या कायद्यात घातले होते, ते हॅमिल्टनचा सहायक विल्यम ड्यूअर याने धाब्यावर बसवले. १७९० मध्येच त्याने पद सोडले, पण सट्टा सोडला नाही. १७९२ च्या वसंतात त्याचे दिवाळे निघाले, न्यूयॉर्कचा बाजार कोसळला, आणि कर्जबुडव्या म्हणून तुरुंगात गेलेला ड्यूअर १७९९ मध्ये तशाच अवस्थेत मेला. कलम होते, पण ते वेळेवर लागू करणारे कोणी नव्हते.

राज्यांच्या अंतिम हिशेबाचा निकाल १७९३ मध्ये लागला. येणे निघालेल्या राज्यांना मिळून सुमारे ३५ लाख डॉलर देण्यात आले. देणे निघालेल्या राज्यांत न्यूयॉर्क २० लाखांहून अधिक रकमेने सर्वांत पुढे होते. त्यांच्याकडून ती रक्कम कधीच वसूल झाली नाही. उद्या दुरुस्ती होईल या आशेवर ज्यांनी १७९० मध्ये मत दिले, त्यांना अर्धीच दुरुस्ती मिळाली.

सरकारी पत सावरण्याच्या बाजूने मात्र योजना चोख उतरली. १ जानेवारी १७९१ ला सगळे कर्ज ७ कोटी ५४ लाख डॉलर होते. बारा वर्षांनी फ्रान्सकडून लुइझियाना दीड कोटीला घेताना अमेरिकेने त्यातले १ कोटी १२ लाख ५० हजार ६ टक्क्यांच्या रोख्यांनी भागवले. लंडन आणि ॲम्स्टरडॅमच्या पेढ्यांनी ते रोखे बिनदिक्कत उचलले. १७८५ मध्ये ज्यांना व्याज देता येत नव्हते त्यांचाच हा कागद होता. जानेवारी १८३५ मध्ये राष्ट्रीय कर्ज पूर्ण फिटले.

फेब्रुवारी १७९० मध्ये ३६ विरुद्ध १३ मतांनी बाजूला पडलेला विषय काँग्रेसला टाळता आला नाही. १८१८ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातल्या गरजू सैनिकांसाठी महिन्याला ८ डॉलर निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. अर्ज अपेक्षेबाहेर आले, खर्च वाढला, आणि १८२० मध्ये नवी अट आली : सैनिकाने न्यायालयात जाऊन आपल्या मालमत्तेची शपथेवर यादी द्यायची. म्हाताऱ्या सैनिकांनी गाय, नांगर, भांडी, खुर्च्या एकेक लिहून दिल्या. त्या याद्या आजही दप्तरात आहेत. १८२८ मध्ये काँग्रेसने हयात असलेल्या काही अधिकाऱ्यांना व सैनिकांना आयुष्यभर पूर्ण पगार देऊन जुन्या वचनाची उरलेली बाकी मान्य केली. दोन वर्षे सेवा केलेल्या कोणालाही हलाखी सिद्ध न करता पूर्ण पगार देणारा कायदा ७ जून १८३२ ला झाला. तेव्हा मॅडिसन ८१ वर्षांचा होता, आणि ज्यांनी २० डॉलरला कागद विकला होता त्यांतले बहुतेक जण हयात नव्हते.